चार महिन्यांचे सरळ केस

आधी तो कंगवा खाली ठेवा.

बावीस वर्षं पार्लर चालवलं मी, आणि सगळ्यात जास्त वेळा माझ्या तोंडून निघालेलं वाक्य हेच असेल. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "ताई, तुमच्या व्यवसायातले काही गोड अनुभव लिहा ना." गोड! मिठाईचं दुकान होतं का माझं? मे महिन्यात, लाइट गेलेली असताना, कमरेपर्यंतच्या कुरळ्या केसांचा गुंता सोडवत तीन तास उभं राहून पाहा एकदा, मग सांगा गोड की कडू. पण लिहा म्हणाले, तर लिहिते. जे आहे तेच लिहीन.

माझं पार्लर नवेगाव बांधला, बसस्टँडच्या मागे. दोन खोल्या, एक मोठा आरसा, एक फिरती खुर्ची जी फिरायची कधीच बंद झाली होती, आणि मागे बोअरच्या पाण्याचा ड्रम. तलाव पाहायला नागपूरचे पाहुणे यायचे, त्यांच्यातल्या बायांना वाटायचं, खेड्यातलं पार्लर, इथे भुवया कोरण्यापलीकडे काय होत असेल. कोरायचे मी भुवयाही. पण माझं नाव झालं ते कुरळ्या केसांसाठी. इकडे केशोरीपासून, तिकडे अर्जुनीपासून बाया यायच्या. येताना घरी केसांचं पार वाटोळं करूनच यायच्या, ते सोडा.

ज्यांचे केस सरळ आहेत त्यांना यातलं काही कळत नाही, म्हणून सांगते. माझे स्वतःचे सरळ आहेत, मलाही शिकावंच लागलं. कुरळा केस वळत वळत वाढतो. शेजारच्या वळणात शिरतो, तिथे अडकतो, गळालेला केसही खाली न पडता त्यातच राहतो आणि मग गाठ बसते. असा केस कोरडा असताना त्यात बारीक दातांचा कंगवा घालून वरून खाली ओढला की वरच्या सगळ्या गाठी खालच्या गाठीवर जाऊन बसतात. बोरीच्या काट्यात पदर अडकला तर तुम्ही हिसका देता का? नाही ना? एकेक काटा सोडवता. मग पोरीच्या डोक्याला काय म्हणून हिसके देता?

केस आधी ओला करायचा, नुसता नाही, कंडिशनर लावून निसरडा करायचा. त्याचे चार भाग करून तीन चिमट्यात अडकवून ठेवायचे. हातात घेतलेल्या भागाची सुरुवात टोकाकडून. आधी बोटांनी गाठी चाचपायच्या, सुटतील तेवढ्या बोटांनीच सोडवायच्या, मग मोठ्या दातांचा कंगवा. आणि गाठीच्या वर केस मुठीत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला नाही. एवढंच आहे. बावीस वर्षं मी एवढंच सांगत आले. बाया मान हलवायच्या, "हो ताई, समजलं ताई," आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच घरटं डोक्यावर घेऊन हजर. हात टेकले मी.

एकदा एक आई दहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली. पोरगी तापाने पंधरा दिवस अंथरुणात होती, केस तसेच उशीवर घासत राहिले, मागे हाताएवढा गोळा झाला होता. आईच्या पिशवीत घरची कात्री होती. म्हणाली, "कापून द्या, माझ्याच्यानं हात नाही धजत." पोरगी खुर्चीत बसून मुकाट रडत होती. मी कात्री घेतली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. दोन दुपारी लागल्या मला. पहिल्या दुपारी अर्धा गोळा, दुसऱ्या दुपारी उरलेला. शेवटची गाठ सुटली तेव्हा पोरीने मागे हात नेऊन केस चाचपले आणि आईला म्हणाली, "माय, हायेत ना वो!" त्या दिवशी मला घरी जाताना खरंच बरं वाटलं. आठ दिवसांनी तीच आई दारात. कोरड्या केसात ब्रश अडकला होता, ब्रशसकट पोरीला घेऊन आली होती. आता यावर काय बोलायचं?

दुसरा वैताग म्हणजे मशीन. म्हणजे केस सरळ करायची इस्त्री, दोन गरम पट्ट्यांची. आमच्याकडे सगळ्या तिला मशीनच म्हणतात. गुंता सोडवून झाला की लगेच, "ताई, मशीन मारून द्या." जसं काही सोडवणं म्हणजे जेवण आणि मशीन म्हणजे वरचा विडा. मी मशीनच्या विरुद्ध नाही. माझ्याकडे दोन होत्या, एक तर मी नागपूरहून स्वतः निवडून आणली होती. पण मशीन लावायची की नाही हे ठरवायची एक पद्धत आहे आणि ती मला शिकवणारीने सहा महिने माझ्या डोक्यात ठोकून बसवली होती. ओला केस घ्यायचा, एकच, दोन बोटांत धरून हलकेच ताणायचा. थोडा लांबला आणि सोडल्यावर परत आला, तर केसात जीव आहे. लांबतच गेला आणि परत आला नाही, तर त्यावर गरम काही लावायचं नाही. नाही म्हणजे नाही. पूर्ण सुकलेला पाहिजे, आणि तेलाचा थेंब नको. तेलाच्या केसाला मशीन लावली तर केस भाजत नाही, तळला जातो.

आणि बाया खोटं किती बोलतात! "काही लावलं का केसाला?" "काहीच नाही ताई." मशीन लावली की काळ्या मेंदीचा वास घमघमतो. एकीने तर मला सांगितलं की केस आपोआप लाल झाले. केशोरीकडचा एक नवरदेव आला होता, कुरळ्या केसांचा. लग्नाच्या सकाळी त्याला सरळ पाहिजेत. मी म्हटलं, दादा, फेटा बांधणार ना तू? हो म्हणाला. मग सरळ कोणाला दिसणार? "मले मालूम राहीन ना," म्हणाला. त्याचे मात्र मी करून दिले. तो खरं तरी बोलला.

आता प्रणालीचं सांगते. तिच्याबद्दल लिहायचं नाही असं आधी ठरवलं होतं. पण तिला सोडून बाकीचं लिहिलं तर मीही त्या मेंदीवाल्या बायांतलीच झाले.

प्रणाली जवळच्याच गावची. तलाव बांधणाऱ्या लोकांच्या घरातली. तिचे आजोबा अजून गावच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या, पाळीवर सकाळी चक्कर मारून पाणी किती आहे ते पाहून येतात, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी पाणी सोडायचं यावर भांडतात. पोरगी बीएससी झालेली, शांत, हसली की बरी दिसणारी, आणि केस असे की मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कंगवा हातातच राहिला. दाट, काळे, बोटाएवढ्या वळणांचे, ओले केले की कमरेखाली.

तिची आई तिला घेऊन आली ती घाईतच. "ताई, उद्या पाहुणे येऊन राहिले पोरीले पाहाले. केस सरळ करून द्या. एका दिवसापुरते, बस."

"काऊन?" मी विचारलं. "चांगले तर आहेत."

"तुमाले चांगले वाटते. आधीच्या दोन जागा केसापायीच गेल्या. एकानं तं तोंडावर म्हटलं, पोरीचं डोकं पिंजारलेलं हाय म्हणून. आता तिसऱ्या खेपेले मी रिस्क नाही घेत."

प्रणाली आरशात पाहत होती. मी तिला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. केस ओला करून ताणून पाहिला, टुणकन परत आला. जीव होता केसात, मशीन लावायला काही हरकत नव्हती. केसाची परीक्षा पास झाली म्हणजे सगळंच पास झालं, असं तेव्हा मला वाटायचं. अडीच तास लागले. एकेक बारीक बट घेऊन, मशीन एकदाच फिरवून, दुसऱ्यांदा नाही. झाल्यावर तिला उभं केलं तर केस पार मांडीपर्यंत आले. तिची आई तोंडाला पदर लावून पाहतच राहिली. आणि खरं सांगू? मलाही छाती फुगल्यासारखं झालं. असं काम अख्ख्या तालुक्यात कोणाच्या हातून होत नव्हतं.

पाहुणे गोंदियाजवळच्या गोरेगावकडचे. पोरगा बरा, घरची शेती, स्वतःचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मुलाच्या आईने पोरीकडे पाहून म्हटलं म्हणे, केस चांगले हायत. झालं, जमलं. दुसऱ्या दिवशी प्रणालीची आई पेढे घेऊन आली. "तुमच्या हातानं जमलं ताई." मी दोन पेढे खाल्ले.

मग सुरू झालं. बोलणीला ती माणसं येणार, मशीन. साखरपुडा, मशीन. साड्या घ्यायला दोन्ही घरची माणसं गोंदियाला जाणार, मशीन. एका दिवसापुरते म्हटलेले केस दर पंधरा दिवसांनी सरळ व्हायला लागले. मी म्हणायचे, "अवो बाई, त्यांना आता सांगून टाका ना. जमलं तर आहे." आई म्हणायची, "होऊ द्या ना लगीन. मंग पाहू." आणि मी बडबड करत करत मशीन गरम करायचे.

तिसऱ्या महिन्यात प्रणाली एकटी आली. डोक्यावरून ओढणी घट्ट. भर उन्हातून आली म्हणून असेल असं मला वाटलं. तिने ओढणी काढली. टोकं पांढरी, दोन दोन फाटे फुटलेली, समोरचे केस मक्याच्या वाळलेल्या कणसाच्या दाढीसारखे. आणि वास! जळका वास मला शंभर वासांतून ओळखू येतो.

"काय केलंस हे?"

"घरी मशीन घेतली मी," ती म्हणाली. "ऑनलाइन मागवली."

"रोज लावतेस?"

"तो रोज व्हिडिओ कॉल करते ना ताई. दुकान बंद केलं की. रोज रोज तुमच्याकडे कशी येऊ?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रोज! ओल्या केसावर लावायची, कारण आंघोळ झाल्या झाल्या कॉल येण्याआधी उरकायचं असायचं. केस ओला असताना मशीन लावली की केसातल्या पाण्याची आत वाफ होते, चर्र आवाज येतो, तिला वाटायचं मशीन चांगलं काम करतेय. मी तिचा एक केस ओला करून ताणला. लांबला, लांबला, आणि हातात आला. मी तिच्या बोटांत दिला, म्हटलं, तूच ताण. दुसरा ताणला, तोही तसाच गेला.

"प्रणाली, आता बंद. आजपासून. त्याला आज सांग, माझे केस कुरळे आहेत. फाशी देणार आहे का तो?"

"कसं सांगू वो ताई? तीन महिने झाले. रोज बोलतो आम्ही. आता सांगितलं तं केसाचं नाही, खोटं बोलली म्हणून मोडतील." आणि मग खाली पाहून म्हणाली, "मले तो आवडते ताई. पहिले दोघं नव्हते आवडले."

उत्तर नसलं की मी चिडते, ही माझी वाईट खोड. पोरीला खूप बोलले त्या दिवशी. मूर्ख म्हटलं, आंधळी म्हटलं. ती ऐकून घेत बसली. मी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, माझ्या पार्लरमध्ये या केसाला मशीन लागणार नाही. आई माझ्या वरचढ निघाली. "नका लावू. मी गोंदियाच्या पार्लरात नेतो, औषध लावून कायमचे सरळ करून आणतो."

औषध! या केसाला ते औषध लागलं असतं तर लग्नात पोरगी टकली बसली असती. मग मीच मागे आले. तडजोड केली. लग्नापर्यंत मशीन नाही, घरची मशीन माझ्याकडे जमा करायची, व्हिडिओ कॉलवर डोक्याला ओढणी, सर्दी झाली सांग, ऊन लागलं सांग, काहीही सांग. दर आठवड्याला माझ्याकडे यायचं. आणि लग्नाच्या दिवशी फक्त समोरचे केस मी सर्वांत कमी तापमानावर सरळ करून देईन, फोटोपुरते. मागे बाकीच्या केसांचा अंबाडा आणि गजरा, कोणाला काही दिसणार नाही. वाक्य काय होतं माझं? नाही म्हणजे नाही. आणि तडजोडही मीच केली.

तेवढे आठवडे पोरीने मनापासून पाळले. मी टोकं छाटली. जवस पाण्यात उकळून त्याचा चिकट रस कपड्यातून गाळायचा, तो ओल्या केसाला लावून बोटांवर वळणं गुंडाळायची. आमच्याकडे धानानंतर बांधीत जवस पेरतात, घरोघरी असतो, बाटलीबंद जेलची गरज नाही. महिन्याच्या शेवटी मागच्या केसांची वळणं परत यायला लागली. समोरचे मात्र तसेच लुळे. मेलेले केस होते ते.

लग्न प्रणालीच्याच दारी, मांडव अंगणात, सांजेचा मुहूर्त. आदल्या दिवशीची हळद जोरात झाली. पाच सवाशिणींनी आंब्याच्या पानाने पोरीला तेल-हळद चढवलेली, डोक्यावरही तेल. मी सकाळीच पोहोचले ते तेल काढायला. दोनदा धुतलं, कंडिशनर लावून तीन तास बसून एकेक गाठ सोडवली. बाहेर बॅन्डवाला तेच एक गाणं वाजवून तालीम करत होता. आत बायांचा गोंधळ, ही येते, ती येते, "ताई, माझी साडी नेसवून द्या," "ताई, एक पिन द्या." मी ओरडून ओरडून दमले. दुपारी लाइट गेली. केस हातपंख्यानेच सुकवले, रुमालात बांधले आणि मी जेवायला बसले. पोळीचा दुसरा घास तोंडात आणि लाइट आली. कोणीतरी म्हणालं, गावात दुरुस्तीचं काम सुरू आहे, पुन्हा कधीही जाईल. मी हात धुतला आणि धावले. मशीन लावली, दिवा लागला, कमी तापमान. रुमाल सोडला. समोरची पहिली बट घेतली आणि मशीन मिटली.

चर्र झालं. मग धूर. आणि तो वास, पण त्यात दुसराच वास, तळणाचा. मी मशीन उघडली तर अर्धी बट पट्टीला चिकटलेली आणि उरलेली कपाळावर चार बोटं उभी. मी मशीन फेकलीच. पोरीच्या माथ्यावर हात ठेवला. तेल. ओलं, ताजं, हळदीचा पिवळेपणा बोटांना लागला.

"कोणी लावलं तेल?" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा बॅन्ड थांबला.

तिची आत्या दारात उभी होती. साठीची बाई, घरातली सगळ्यात मोठी. "मी लावलं, तुमी जेवाले बसल्या तवा. काऊन? हळदीचं तेल धुऊन टाकलं तुमी. तशी धुतल्या डोक्यानं नवरी मांडवात नेतात का? माथ्यावर थोडकसं राहाले पाह्यजे. आमच्या घरची रीत हाय."

मी तिला काय बोलणार? तिने तिच्या भाचीचं भलंच केलं होतं. बावीस वर्षांत मशीन लावण्याआधी माथ्यावरून बोटं फिरवली नाहीत असं एकदाच झालं, त्या दिवशी. लाइटची घाई होती, भूक होती, सगळं खरं. पण खरी गोष्ट ही की ती मशीन त्या केसाला लागायलाच नको होती, आणि हे मला महिनाभर आधीपासून ठाऊक होतं.

प्रणालीची आई रडायला लागली. "आता काय करू वो? आता काय करू? ते लोक निघाले तिकून." तिला धरून कोणीतरी बसवलं. प्रणालीने खाली पडलेला जळक्या बटेचा तुकडा उचलला. मला वाटलं, आता ही पण कोसळते. ती म्हणाली, "ताई, मशीन बंद करा. केस ओले करा. माझे हाय तसे करा."

"समोरचे लुळे आहेत. नीट वळणार नाहीत," मी म्हटलं.

"होतील तेवढे करा."

आई मधे बोलायला गेली तर पोरगी तिच्याकडे वळली. आवाज चढवला नाही, पण असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "माय, आता बस."

मी बादलीत पाणी घेतलं, जवसाची बाटली काढली. माथ्यावरचं तेल पुन्हा काढलं, आत्याची क्षमा मागून. बोटांवर एकेक बट गुंडाळली. मागचे केस सोडवले की आपोआप वळत होते, समोरचे मी गुंडाळून पिनांनी धरले. कपाळावर चार बोटं उरलेली जळकी बट बाजूला वळवून फुलाखाली दाबली. पाऊण तास. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते असावं, पण मला काही अभिमान बिभिमान वाटला नाही.

वरात आली. मुलाकडच्या बाया चढावा घेऊन आत आल्या, म्हणजे नवरीने मांडवात नेसायची साडी आणि दागिने, ते सासरहून येतं आणि सासूच्या हातून मिळतं. पुढे नणंद, विशीतली पोरगी, मागे सासू, हातात ताट. नणंद दारातच थांबली.

"अवो माय, वहिनी! कर्ल केले? किती मस्त दिसून राहिले!" आणि माझ्याकडे वळून, "ताई, तुमी केले? मले पण पाह्यजे असे. किती दिवस टिकते हे?"

काय गंमत आहे पाहा. खोटे सरळ केस चार महिने खरे वाटले, आणि आज खरे कुरळे केस माझी कारागिरी ठरले. प्रणालीची आई माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांत एकच विनंती, हो म्हणा, मीच केले म्हणा, आजचा दिवस निघून जाऊ द्या. आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही तोंडापर्यंत आलं होतं, दोन दिवस टिकतात म्हणून.

"मरेपर्यंत," प्रणाली म्हणाली.

नणंद हसली. "म्हणजे?"

"माझे हाय ते. जन्मापासूनचे. आधी तुमाले दिसत होते ते मशीननं सरळ केलेले होते."

बाहेर बॅन्ड वाजत होता. सासूने ताट खाली ठेवलं. उंच, थोराड हाडापेराची बाई, शेतात राबलेली. ती जवळ आली, पोरीच्या समोरच्या केसांना हात लावला, आणि फुलाखालची जळकी टोकं तिच्या बोटांना लागली.

"हे काय झालं?"

"जळले. मशीननं."

"मंग रोज रोज भाजत कायले होती डोकं?"

"तुमाले सरळ आवडते म्हणून."

"कोण म्हटलं?"

प्रणालीची आई पुढे झाली. "पाहणीले आले तवा तुमीच तं म्हटलं ना, केस चांगले हायत म्हणून."

"म्हटलं ना. चांगलेच हायत. सरळ हाय म्हणून चांगले, असं म्हटलं का मी? मले का मालूम ते कसे हाय?" मग ती पोरीकडे वळली, आणि आता तिच्या आवाजात राग होता. "चार महिने माझ्या पोराशी रोज तोंड समोर करून बोलली तू. अन् हे नाही सांगितलं?"

"भेव वाटलं," प्रणाली म्हणाली.

"कायचं?"

"तुमी मोडसान म्हणून."

सासूने खाली ठेवलेल्या ताटाकडे पाहिलं. मी उभ्या जागी देवाचं नाव घेत होते. काहीही होऊ शकलं असतं. ती बाई ताट उचलून तशीच बाहेर गेली असती तर तिला अडवायला तिथे कोणाची टाप नव्हती, आणि तिचं फार चुकलं असतं असंही म्हणता आलं नसतं. बाहेरून कोणीतरी हाक दिली, मुहूर्त निघून राहिला, नवरीले आणा. सासूने खाली वाकून ताटातली साडी उचलली, घडी मोडली आणि नणंदेला म्हणाली, "उभी काऊन हायस? पदर धर. नेसव वहिनीले. आज घरी गेल्यावर त्याले सारं सांगजो, पोरी. तू सांगजो, मी नाही सांगत."

"सांगते," प्रणाली म्हणाली, आणि तेव्हा ती रडली.

मी निऱ्या घालायला खाली बसले होते. वाटलं, सुटले. सासूने पोरीच्या गळ्यात हार घातला, आणि माझ्याकडे न पाहताच विचारलं, "अन् बाई, तुमाले तं मालूम होतं ना? पहिल्या दिवसापासून?"

बावीस वर्षं या बायांनी माझी बडबड ऐकली होती. कोरडा कंगवा लावू नका, तेलाला मशीन लावू नका, खोटं बोलू नका.

"होतं," मी म्हटलं.

तिने पोरीचा पदर सारखा केला आणि दाराकडे वळली. मी निऱ्या नीट केल्या, पिन लावली, आणि बायांनी नवरीला बाहेर नेलं तेव्हा मी खोलीतच बसून राहिले.